वऱ्हाडी बकरीला वजनदार बोकड लावावा का? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

उमरेडकडच्या आमच्या बकऱ्यांच्या कोठ्यावर रविवारी कोणी ना कोणी येतंच. बहुतेक तरुण पोरं. कोणाची घरची चार एकर शेती, तर कोणी बुटीबोरीच्या कंपनीतली नोकरी सोडायच्या बेतात. मोबाइलवर बोअर बोकडाचा व्हिडिओ पाहिलेला असतो: पांढरं अंग, तांबडं डोकं, छाती पिंपासारखी रुंद. प्रश्नही ठरलेला, "भाऊ, आपल्या गावरान बकऱ्यांना हा लावला तं किती सुटतात?"

पैसे सुटतात, पण व्हिडिओत सांगतात तितके नाही, आणि तिथे दाखवतात त्या ठिकाणाहून तर नाहीच. माझ्या अनुभवात बापाच्या वजनाने थोडा फायदा होतो आणि जगलेल्या पिल्लांच्या संख्येने बराच. पिल्लं जगवते ती आई. म्हणून खाली जे लिहिलं आहे त्यात बोकडापेक्षा बकरीबद्दल जास्त आहे.

हा विचार आला कुठून

काटक आईला मांसल बाप लावायची पद्धत परदेशात गाईंमध्ये जुनी आहे. स्कॉटलंडच्या डोंगरात लांब शिंगांच्या, केसाळ हायलँड गाई निकृष्ट गवतावर आणि थंडी-पावसात जगतात. त्यांना शॉर्टहॉर्न वळू लावतात. अमेरिकेत टेक्सासच्या लाँगहॉर्न गाईंना शारोले किंवा अँगस वळू लावतात. लाँगहॉर्न गाय अंगाने हडकुळी, पण ती सहज विते, कमी चाऱ्यावर टिकते आणि वासराला सांभाळते. वासराच्या अंगावरचं मांस बापाकडून येतं. वासरं विकून टाकायची आणि गाय तशीच ठेवायची, असा तो व्यवहार.

गाईच्या बाबतीत हे गणित आपल्याकडे लागू नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्याने गोहत्येला बंदी होतीच, २०१५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे इथे गाईचा मांसासाठी संकर हा धंदाच नाही. आणि आपली गवळाऊ गाय तर कशाशीही मिसळू नये अशा मताचा मी आहे. वर्धा-नागपूरच्या पट्ट्यातली ही जात. हेटीकुंडीच्या सरकारी प्रक्षेत्रावर तिची पैदास होते. ती शुद्ध राहिली तरच तिला किंमत आहे.

बकरीत मात्र हीच पद्धत जशीच्या तशी चालते. आपल्याकडे तशी काटक आई आहेही: बेरारी, म्हणजे आपली वऱ्हाडी बकरी. तांबूस-तपकिरी अंग, तोंडाच्या दोन्ही बाजूंना पट्टे, वजन तीस किलोच्या आसपास. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तरी ती बाभळीखाली उभी राहून शेंगा वेचते.

पायरी पहिली: पहिल्या पिढीवरच थांबायचं हे आधी ठरवा

विदर्भातल्या माणसाला हे समजवायला फार बोलावं लागत नाही. संकरित कपाशीचं बियाणं आपण दरवर्षी नवीन का घेतो? घरच्या सरकीतून लावली तर ती पहिल्यासारखी येत नाही म्हणून. दोन वेगळ्या वाणांच्या पहिल्या पिढीत एक जोम असतो. त्याच पिढीतले नर-मादी एकमेकांना लावले की पुढच्या पिढीत तो जोम साधारण निम्मा होतो, आणि पिल्लंही एकसारखी निघत नाहीत.

बकरीचंही तसंच आहे. गावरान आई आणि वजनदार बोकड यांची पहिली पिल्लं झपाट्याने वाढतात. ती सगळी विकायची, नरही आणि पाठीही, म्हणजे तरुण माद्याही. नवा माणूस इथेच चुकतो. संकरित पाठ दिसायला देखणी असते, विकायला जीव होत नाही. मग ती ठेवतो, तिला पुन्हा तोच बोकड लावतो, म्हणजे बापलेकीचाच संकर होतो. चार वर्षांनी कोठ्यात ना गावरानचा काटकपणा राहतो ना बोअरचं वजन. खुराक मात्र बोअरचा लागतो. मी स्वतः सहा पाठी ठेवून हे करून बसलो आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या गावरान बकऱ्यांबरोबर चरायला जायच्या आणि दहा वाजता धापा टाकत झाडाखाली बसायच्या. गावरान बकऱ्या अजून तासभर चरत असायच्या.

मग बदलीच्या पाठी कुठून आणायच्या? कळपातल्या सगळ्यात चांगल्या सहा-आठ बकऱ्या बाजूला काढा आणि त्यांना निवडक गावरान बोकडच लावा. त्यांच्या पाठी तुमच्या पुढच्या आया.

पायरी दुसरी: आई निवडणं

खरेदी आपल्याच तालुक्यात करा, तीही गावातल्या घरातून. बाजारात विकायला आलेली बकरी तिथे का आली, हे कोणी सांगत नाही. घरी गेलात तर तिची आई दिसते, मागच्या वेताची पिल्लं दिसतात, आणि घरातली बाई खरं सांगते. एका मावशीने मला सांगितलं होतं, "बकरी तं बरी हाय, पन एका सडाले दूध नाई." दादल्याने ते सांगितलं नसतं.

दात बघा. पुढचे सगळे दुधाचे बारीक दात असतील तर ती अदत, म्हणजे साधारण वर्षाच्या आतली. दोन मोठे दात आले की दोन दाती, सव्वा वर्षाच्या आसपास. चार दाती दोन वर्षांची, सहा दाती तीन वर्षांची, आणि आठ दात आलेली जुळलेली, म्हणजे चार वर्षांची. नव्या माणसाने चार दाती घ्यावी, एक-दोन वेतं झालेली. किंमत थोडी जास्त पडते, पण तिने पिल्लं जगवून दाखवलेली असतात.

कास हाताने दाबून बघा. दोन्ही सड सारखे हवेत, आत गाठ नको. पिल्लाच्या तोंडात मावेल असा सड हवा. बाटलीसारखा जाड सड नवजात पिल्लाला धरता येत नाही. खुरं बघा, चालवून बघा. मागचे पाय आणि कमरेची रुंदी नीट पाहा, कारण या बकरीच्या पोटात मोठं पिल्लू वाढणार आहे.

शिंगांबद्दल एक गोष्ट फार थोडे लोक सांगतात. गाईत भुंडेपणा, म्हणजे शिंगं नसणं, वरचढ असतो. अँगस वळू भुंडा, म्हणून लाँगहॉर्नला लावला तरी वासरं भुंडी होतात, आणि तिकडे ते सोयीचं मानतात. बकरीतही भुंडेपणा वरचढ, पण त्याच्यासोबत एक दोष येतो. भुंड्या बोकडाला भुंडी बकरी दाखवली तर काही पिल्लं ना धड पाठ ना धड बोकड अशी निघतात आणि कधीच गाभण राहत नाहीत. तेव्हा जोडीतला एक तरी शिंगांचा असलाच पाहिजे. मी दोन्ही शिंगांचे ठेवतो. शिंगांत रक्त खेळतं, त्यातून अंगातली उष्णता बाहेर पडते, आणि नागपूरच्या उन्हात त्याचा उपयोग होतो. शिंगाची बाजारातली किंमत पुढे येईल.

घरी आणलेली बकरी एकवीस दिवस वेगळी बांधा. जागा नाही म्हणून हा नियम मोडू नका. पीपीआर हा बकऱ्यांचा जीवघेणा साथरोग एका बकरीबरोबर येतो आणि अख्खा कोठा रिकामा करून जातो.

पायरी तिसरी: बोकड

सोप्या भाषेत तीन पर्याय आहेत.

सिरोही हा राजस्थानचा. उंच, चालायला दमदार, चरून खातो, उन्हाची सवय आहे. पिल्लांचं वजन गावरानपेक्षा बऱ्यापैकी वाढतं आणि वितानाचा त्रास फारसा होत नाही. पहिल्यांदा संकर करणाऱ्याने इथून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

बोअर दक्षिण आफ्रिकेचा, मांसासाठीच घडवलेला. पूर्ण वाढलेला नर शंभर किलोच्या वर जातो. महाराष्ट्रात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बोअरवर आणि गावठी शेळ्यांशी त्याच्या संकरावर बरंच काम केलं आहे. शुद्ध बोअर नागपूरच्या कोठ्यात सांभाळणं महाग पडतं. निम्म्या रक्ताचा, म्हणजे बोअर बाप आणि उस्मानाबादी किंवा सिरोही आई असलेला बोकड मिळाला तर वऱ्हाडी बकरीसाठी तो जास्त योग्य. वजन मिळतं आणि पिल्लाचं डोकं अवाढव्य होत नाही.

तिसरा पर्याय कृत्रिम रेतनाचा. बोकड पाळायची कटकट नाही, पण बकरीचं रेतन गाईपेक्षा अवघड आहे. शिकलेला माणूस हवा आणि माज अचूक ओळखता यायला हवा. तुमच्या भागात असा माणूस असेल तरच त्या वाटेला जा.

बोकड घेताना किमतीची पाटी नंतर वाचा, आधी अंड हातात धरून बघा. दोन्ही सारखे, टणक, मोठे हवेत. तो जुळ्यातला आहे का विचारा. जबडा वर-खाली नको. सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलाची, रक्ततपासणी करून घ्या. हा रोग माणसालाही होतो. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सला आहे आणि पशुविज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही आपल्याच शहरात आहे. बाहेरचे लोक इथे शिकायला येतात. आपण तिथे जाऊन चार प्रश्नही विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं.

"शुद्ध बोअर" म्हणून एकाने मला दोन वर्षांपूर्वी एक बोकड विकला. कागद होता, शिक्का होता, डोकंही तांबडं होतं. त्याच्या पहिल्या अकरा पिल्लांत चार काळी निघाली आणि वजनं गावरानइतकीच. तेव्हापासून मी कागद बघत नाही, त्याची पिल्लं बघतो. विकणाऱ्याकडे त्या बोकडाची सहा महिन्यांची पिल्लं दाखवायला नसतील तर परत फिरायचं.

एक बोकड वीस ते पंचवीस बकऱ्यांना पुरतो. दोन वर्षांनी बदलायचाच.

पायरी चौथी: पहिलटकरीला मोठा बोकड नाही

हा नियम मी एका रात्रीत शिकलो. दोन दाती पाठ होती, पंचवीस किलोची, पहिलंच वेत. संध्याकाळी सहाला कळा सुरू झाल्या. आठ वाजता पिल्लाचे पुढचे दोन पाय आणि नाकाचा शेंडा दिसला. बरोबर बाजूने येत होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. साडेनऊपर्यंत ते तिथेच. कपाळ अडकलं होतं. पाठ ओरडायची थांबली, नुसती दात खात होती. डॉक्टर आले, हाताला साबण लावून, तेल लावून त्यांनी अर्धा तास हळूहळू ओढलं. पिल्लू तीन किलो आठशे भरलं. मेलेलं होतं. पाठ वाचली, पण नंतर कधी गाभण राहिली नाही.

गावरान पिल्लू जन्मताना दोन किलोच्या आसपास असतं. त्याच्या जवळजवळ दुप्पट वजन तिच्या कमरेतून कसं निघणार होतं? पहिलं वेत नेहमी गावरान बोकडाचंच. दुसऱ्या वेतापासून मोठा बोकड, आणि तेव्हाही बकरी अठ्ठावीस-तीस किलोच्या खाली असेल तर नाही.

पायरी पाचवी: भरवण्याची वेळ

बकरीचा गाभणकाळ १४५ ते १५० दिवस. दर आठ महिन्यांनी एक वेत धरलं तर दोन वर्षांत तीन वेतं होतात. कागदावर ते छान दिसतं, कोठ्यात दोन-चार बकऱ्या उलटतातच, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाहीत.

मिरग लागला, चार सरी पडल्या, हिरवं फुटलं की बकऱ्या भराभर माजावर येतात. जूनमध्ये भरवल्या की पिल्लं नोव्हेंबरात. पाऊस संपलेला, सोयाबीनचं आणि पुढे तुरीचं कुटार घरात, हवा कोरडी. पिल्लं जगायला याहून चांगले दिवस नाहीत. पावसाळ्यात जन्मलेली पिल्लं हगवण आणि न्यूमोनियाने मरतात.

अडचण बोकडाची असते. बीज तयार व्हायला साधारण दीड महिना लागतो. म्हणजे जूनमध्ये जे बीज वापरायचं ते मे महिन्याच्या उन्हात घडलेलं असतं. अंगाने भारी बोकडाला ऊन जास्त लागतं, बीज कमकुवत होतं, बकऱ्या उलटतात, आणि आपण म्हणतो बकरीत खोट आहे. एप्रिलपासून बोकड सावलीत ठेवा, तरटाचे पडदे लावून ते दुपारी भिजवत राहा. आमच्याकडे घरातला जुना कूलर वाळा बदलून बोकडाच्या खोलीला लावला आहे. शेजारी बघायला आले होते. त्या वर्षी वीसपैकी सतरा बकऱ्या पहिल्याच माजाला राहिल्या, त्याआधीच्या वर्षी अकराच राहिल्या होत्या. कूलरचं विजेचं बिल त्यापुढे काहीच नाही.

पायरी सहावी: गाभण बकरी आणि पहिले चोवीस तास

शेवटच्या दीड महिन्यात पोटातलं पिल्लू सगळ्यात जास्त वाढतं. रोज दोनशे ते अडीचशे ग्रॅम खुराक याच काळात द्या: मका भरडा, ढेप, तुरीची चुनी, थोडं क्षार मिश्रण. आधीपासून भरमसाट दिला तर बकरीवर चरबी चढते, पिल्लू मोठं होतं आणि विताना अडतं. कोठ्यात चाटण वीट टांगून ठेवा.

पिल्लू पडलं की नाक-तोंड पुसा, नाळ दोन बोटं ठेवून कापा, टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. पहिल्या तासाच्या आत चीक पाजा. वार पडायची वाट बघत बसू नका. चोवीस तासांत पिल्लाच्या वजनाचा दहावा हिस्सा चीक पोटात जायला हवा, म्हणजे तीन किलोच्या पिल्लाला तीनशे मिली, चार-पाच वेळा करून. संकरित पिल्लू मोठं, भूक मोठी, आणि वऱ्हाडी आईचं दूध बेताचं. जुळी असतील तर एकाला कमी पडतंच. मग ज्या बकरीचं पिल्लू गेलं असेल तिच्यावर लावा किंवा बाटलीने वरचं पाजा. एक ताणकाटा आणा, शे-दोनशे रुपयांना मिळतो. जन्माला, महिन्याला, तिसऱ्या महिन्याला वजन करून वहीत लिहा.

पायरी सातवी: मरतूक थांबवणं

पीपीआरची लस पिल्लू तीन-चार महिन्यांचं झालं की द्यायची, ती तीन वर्षं पुरते. आंत्रविषाराची पावसाळ्याआधी, आणि पहिल्यांदा देत असाल तर पंधरा दिवसांनी दुसरा डोस. घटसर्पाची पावसाळ्याआधी. लाळ्या खुरकूताची वर्षातून दोनदा. जंताचं औषध लेंडी तपासून द्या. दर महिन्याला तेच औषध ओतत राहिलात तर जंत त्याला जुमानत नाहीत.

आंत्रविषार नेमका सगळ्यात धष्टपुष्ट पिल्लाला गाठतो. रात्री उड्या मारत असलेलं, सकाळी पाय ताणून पडलेलं. संकरित पिल्लांना आपण खुराक जास्त देतो, म्हणून धोका त्यांनाच अधिक. खुराक एकदम वाढवू नका, आठवड्याला पन्नास ग्रॅमने चढवा. तशीच दुसरी गोष्ट लग्नातल्या उरलेल्या भाताची. गावात कोणी प्रेमाने घमेलंभर भात आणून ठेवतं, बकऱ्या तुटून पडतात, पोटात आम्ल होतं आणि संध्याकाळपर्यंत आडव्या होतात. माझ्या तीन गाभण बकऱ्या अशा गेल्या. भात आणणाऱ्याला हात जोडून परत पाठवा.

कोठ्याबद्दल थोडक्यात. मोठ्या बकरीला दहा चौरस फूट जागा, लांबी पूर्व-पश्चिम, टिनावर पऱ्हाटी-तुऱ्हाट्यांचा जाड थर, जमीन कोरडी. सिमेंटच्या महालात पैसा घालू नका.

पायरी आठवी: हिशोब

भाव बदलतात, म्हणून खालचे आकडे धरून चाललेले आहेत. तुमच्या बाजारातले घालून पुन्हा मांडा.

समजा २८ बकऱ्या आहेत. आठ गावरान बोकडाला, वीस वजनदार बोकडाला. उलटलेल्या, गाभ फेकलेल्या, मेलेल्या सगळ्या वजा जाता या वीस बकऱ्यांची वर्षाला तीस पिल्लं विक्रीला आली. जिवंत वजनाचा भाव ४०० रुपये किलो.

नऊ महिन्यांचं गावरान पिल्लू १८ किलो, म्हणजे ७,२०० रुपये. त्याच वयाचं संकरित २३ किलो, म्हणजे ९,२०० रुपये. फरक २,००० चा. पण ते पाच किलो हवेतून येत नाहीत. रोज दीडशे ग्रॅम जास्तीचा खुराक, सहा महिने, म्हणजे २७ किलो. तीस रुपये किलोने ८१० रुपये. हातात उरले साधारण १,२००. तीस पिल्लांचे ३६,०००.

आता बोकड. ४०,००० ला घेतला, दोन वर्षांनी १६,००० ला विकला, म्हणजे वर्षाला १२,००० झिजले. रोज अर्धा किलो खुराकाचे वर्षाला साधारण ५,५००. एकूण १७,५००.

३६,००० मधून १७,५०० गेले, राहिले १८,५००. संकराचा निव्वळ जास्तीचा फायदा तो एवढाच. आणि विकायला आलेल्या दोन पिल्लांची किंमत होते १८,४००. म्हणजे संकर केला म्हणून दोन पिल्लं जास्त मेली तरी सगळा खटाटोप शून्यावर आला.

हा हिशोब मी मुद्दाम वहीत मांडून दाखवतो. पोरांचे चेहरे पडतात, पण मी त्यांना संकर करू नका असं म्हणत नाही. पहिली दोन वर्षं फक्त गावरान कळप ठेवा, मरतूक शेकडा दहाच्या खाली आणा, मग बोकड आणा. गावरान कळपात मरतूक पंचवीसवरून दहावर आली तर बोकड न घेताच संकराच्या दुपटीने पैसे हातात येतात. त्यानंतर दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एक बोकड घेतला तर त्याची झीज वाटली जाते. मात्र सगळ्यांच्या कळपाची रक्ततपासणी झालेली हवी.

राष्ट्रीय पशुधन अभियानात १०० बकऱ्या आणि ५ बोकडांच्या गटाला निम्मं अनुदान आहे, १० लाखांपर्यंत. योजना चांगली आहे, पण ती पहिली पायरी नव्हे. वीस बकऱ्या दोन वर्षं सांभाळल्याशिवाय शंभरचा अर्ज भरू नका. आधी जातिवंत बकऱ्या बघायच्या असतील तर शेळी-मेंढी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं आहेत, आपल्या जिल्ह्यात बोंद्रीला आणि अमरावतीजवळ पोहऱ्याला.

"आमच्याकडून जोड्या घ्या, पिल्लं आम्हीच दुप्पट भावाने परत घेऊ" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. पिल्लू शेवटी खाटकाच्या काट्यावर किती भरतं, तीच त्याची खरी किंमत.

पायरी नववी: विक्री

व्यापारी कोठ्यावर येतो, पिल्लाच्या पाठीवर हात फिरवतो, कमरेला चिमटा घेतो आणि सगळ्यांचा मिळून उक्ता आकडा सांगतो. त्याच्या हाताला किलोभराचाही फरक कळतो, तुमच्या नजरेला कळत नाही. म्हणून वजनानेच विका, आणि काटा तुमचा असू द्या. सोलल्यावर जिवंत वजनाच्या ४५ ते ५० टक्के मटण उतरतं. संकरित पिल्लू त्यातल्या वरच्या बाजूला असतं, हे व्यापाऱ्यालाही माहीत असतं. तो बोलून दाखवत नाही, तुम्ही दाखवा.

फार मोठं करत बसू नका. सावजी रश्श्याला इथल्या गिऱ्हाइकाला कोवळं, कमी चरबीचं मटण लागतं. पस्तीस किलोचा चरबट बोकड रोजच्या दुकानाला नको असतो. वीस ते पंचवीस किलोचा माल लवकर उठतो. श्रावणात भाव बसतो, त्याआधी आखाडीला चढतो. पोळ्याची कर आणि धुळवड हे दोन दिवस हातचे जाऊ देऊ नका.

बकरी ईदचं गणित वेगळं आहे. ती दरवर्षी साधारण अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. कुर्बानीचा बोकड किमान वर्षाचा पूर्ण लागतो, आणि तो निर्दोष हवा: लंगडा नको, आंधळा नको, शिंग मुळापासून तुटलेलं नको. ईद मेच्या शेवटी असेल तर आदल्या नोव्हेंबरातलं पिल्लू वयात बसत नाही. त्याला पुढच्या ईदपर्यंत दीड वर्ष पोसावं लागतं. म्हणून ईदसाठी चार-सहा नरच ठेवा, सगळ्यात देखणे, कान लांब, शिंगं सरळ. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांकडून खच्ची करून घेतले तरी चालतात. अंग भरतं आणि आपसात टकरा कमी होतात. मोमिनपुऱ्यातल्या बाजारात गिऱ्हाईक आधी तोंड उघडून दात बघतं, मग शिंगाच्या बुडाशी बोट फिरवतं.

मागच्या खेपेला माझा सगळ्यात वजनदार बोकड, बावन्न किलोचा, तिथून परत आला. गाडीत चढवताना दुसऱ्याशी टक्कर घेतली आणि उजवं शिंग बुडापासून उखडलं. तो पुढच्या आठवड्यात नेहमीच्या भावाने दुकानात गेला. आता गाडीत प्रत्येकाला वेगळी दोरी, मध्ये बांबू आणि खाली तणस असते.